साखरेचा फळा लावण्याआधी



मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, दिवसाला किती चालते, जास्त झाली तर काय होतं, हे मुलांना भिंतीवर दिसावं असा उद्देश. आपल्यापैकी बरेच जण जिल्हा परिषदेच्या किंवा राज्य मंडळाच्या शाळेत आहोत, पण चांगली कल्पना कुठूनही घ्यावी. एक कार्डशीट आणि स्केचपेन एवढाच खर्च. मात्र फळा लावण्याआधी विषय आपल्याला नीट कळला पाहिजे. नाहीतर "साखर म्हणजे विष" एवढं एकच वाक्य मुलं घरी घेऊन जातात, आणि या वाक्याने वर्गातल्या एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कसं, ते पुढे सांगतेच.

आधी सोपा भाग, म्हणजे गणित. पाचवीच्या मुलांना घरातली रिकामी पाकिटं, बाटल्या आणायला सांगा. त्यांवर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीलीटरमागे साखर किती, हे छापलेलं असतं. साध्या कोलामध्ये १०० मिलीलीटरला साधारण साडेदहा ग्रॅम. मग २५० मिलीलीटरच्या बाटलीत किती? एकमान पद्धतीचं आयतं उदाहरण! उत्तर येतं २६ ग्रॅमच्या आसपास. चहाचा चमचा ५ ग्रॅमचा धरला तर पाच चमच्यांहून थोडी जास्त. ती साखर वर्गात खरोखर मोजून पेल्यात टाका. आकड्याने न हलणारी मुलं पेला बघून गप्प होतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. लहान मुलांचं प्रमाण त्याहून कमी. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा हिशोब संपला.

इथपर्यंत बहुतेक तक्ते येतात आणि थांबतात. पण रक्तातली साखर फक्त गोड पदार्थांतून येत नाही, हे आपल्यातल्या कितीतरी पालकांना माहीत नसतं. "आमचा बाळू गोड खातच नाही हो" असं म्हणणाऱ्या घरात सकाळी चहा-खारी, डब्यात मैद्याच्या शेवया आणि संध्याकाळी पुन्हा ब्रेड असतो. पिष्टमय पदार्थ पचले की त्यांचं ग्लुकोजच होतं. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असतं, आणि त्या सगळ्या रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं फक्त ५ ग्रॅमच्या आसपास. एक चमचा! एका मध्यम प्लेट पोह्यांतून मात्र ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट पोटात जातं. मग बाकीचं जातं कुठे?

हाच खरा धडा आहे. स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं. त्याच्या मदतीने ग्लुकोज यकृतात आणि मुख्यतः स्नायूंत जातं, तिथे वापरलं जातं किंवा साठवलं जातं. स्नायू हलत असले तर ते काम आणखी सहज होतं. म्हणून जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. आणि म्हणून पोहे बंद करायची गरज नाही. त्यात मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी घाला. प्रथिनं आणि तंतू सोबत असले की ग्लुकोज सावकाश रक्तात येतं. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत डाळ आणि कडधान्य असतं, त्याचं हेही एक कारण मुलांना सांगता येईल.

आता जरा कडू बोलते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल करावी, अशी शिफारस आहे. आणि परीक्षा जवळ आली की आपण पहिला कापतो तो खेळाचा तास. भिंतीवर साखरेचा फळा आणि मैदान रिकामं, याला काय अर्थ आहे?

दुसरा गैरसमज असा की "आमचा मुलगा तर काडीसारखा, त्याला काय होतंय!" यावरचं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण या बारीक बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावरचं वजन सगळं सांगत नाही, ते असं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर, असा अंदाज आला. या उंबरठ्यावरच्यांना काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, म्हणजे आपणही, उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची तपासणी होते. १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ सावध व्हा, १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान करतील.

आणि आता ते जिवावर बेतणारं. लहान मुलांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करते. हा गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या लाडाने तर नाहीच. पण फळ्यावर "साखर खाल्ली की मधुमेह" असं लिहिलं, तर त्या मुलीला वर्ग काय म्हणेल? घरचेही मग आजार लपवतात, मुलीचा तर जास्तच, 'पुढे लग्नाचं काय' म्हणून. आणि शाळेला कळतच नाही.

खरं तर सुरुवातीची लक्षणं घरी आणि वर्गात आपल्यालाच आधी दिसू शकतात. मूल सारखं पाणी पितं, दर तासाला लघवीला जातं, खाऊनही वाळतं, पेंगतं, मोठं असूनही अंथरूण ओलं करतं. अशा वेळी "नाटकं करू नकोस, बस खाली" म्हणू नका. पालकांना त्याच दिवशी तपासणी करायला सांगा. उशीर झाला तर मूल बेशुद्ध पडू शकतं.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधी एकदम खाली येते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, मूल चिडतं किंवा भलतंच बोलतं. तेव्हा साखर हेच औषध. दोन-तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या, १५ मिनिटं जवळ बसा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोळी किंवा बिस्किट द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. सीबीएसईनेच २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं वगैरे सोबत न्यायला परवानगी दिली आहे. मग आपल्या घटक चाचणीत अडवायचं कशाला?

१४ नोव्हेंबर हा आपला बालदिन, आणि इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून जागतिक मधुमेह दिनही. फळा लावायला हा दिवस चांगला. त्यावर एक ओळ नक्की लिहा : 'आपल्या वर्गात कुणाला साखर औषध म्हणून लागत असेल, तर ती लगेच द्यायची.' आणि ती साखरेची डबी वर्गातच ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. कपाटाची किल्ली नेहमी रजेवर असलेल्या माणसाकडे असते.