भागीदाराची उधारी, देणं कुणाचं?

प्रश्न : मी आणि वर्गमित्र, दोघेही सिव्हिल इंजिनिअर, द्वारकेला छोटी फर्म काढतोय. साइट मी बघणार, खरेदी तो. त्याने उधार आणलेल्या सिमेंटशी माझा संबंध नाही ना? – एक वाचक, द्वारका, नाशिक

उत्तर : आहे. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या नावावरची उधारी व्यापारी एकट्या तुमच्याकडूनही वसूल करू शकतो. पण घाबरू नका. मैत्री कितीही घट्ट असो, स्टॅम्प पेपरवर करार करा; बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. एकजण मध्येच बाहेर पडला तर अर्धवट साइटचं काय, हेही लिहा. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण तिच्याशिवाय बिल थकवणाऱ्या मालकावर दावा लावता येत नाही, आणि या धंद्यात रिटेन्शन (मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अडकतंच! घरदार सुरक्षित हवं असेल तर एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) काढा. स्वतःच्या चुकीच्या डिझाइनची जबाबदारी मात्र तिथेही सुटत नाही.