‘अगम’ची बाजू कशी मांडावी

हैदराबादच्या नल्लकुंट्यात ‘अगम’ आवडणं सोपं आहे, पण चारचौघांत तसं सांगणं अवघड. शंकर मठाच्या आजूबाजूला कर्नाटक संगीतात मुरलेली तेलुगू आणि तमिळ घरं आहेत. चिक्कडपल्लीची त्यागराय गानसभाही लांब नाही. विद्यानगरकडे, उस्मानिया विद्यापीठाच्या अंगाला खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांना मेटलशिवाय दुसरं काही रॉक वाटत नाही. बरकतपुरा-काचिगुड्याच्या जुन्या मराठी घरांत भीमसेन जोशी आणि वसंतराव देशपांडे यांच्यापुढे सगळंच फिकं. या तिन्ही बाजूंनी तुमच्या आवडत्या बँडवर एकच शिक्का बसतो : हे काही खरं संगीत नाही.

‘अगम’ हा बंगळूरचा बँड २००३ साली सुरू झाला. गायक हरीश शिवरामकृष्णन व्हायोलिनही वाजवतात. २०१२ साली ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ आणि २०१७ साली ‘अ ड्रीम टु रिमेंबर’ हे अल्बम आले. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि स्वाती तिरुनाळ यांच्या कर्नाटक संगीतातल्या रचना इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि कीबोर्डच्या साथीने गाणं, ही या बँडची ओळख. म्हणूनच शास्त्रीय संगीतवाले आणि रॉकवाले दोघेही त्याला आपला मानत नाहीत.

मला हा बँड मनापासून आवडतो. त्याच्यावर टीका होते याचं वाईट वाटत नाही, न ऐकता निकाल दिला जातो याचं वाटतं. म्हणून खालच्या कृतीचा हेतू एवढाच, की समोरच्याने आधी गाणं नीट ऐकावं आणि मग खुशाल दोष काढावा.

साहित्य

१. एक बरा स्पीकर किंवा चांगला हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर रॉक कधीही ऐकवू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जातले आवाज बाहेर पडतच नाहीत. बेस गिटार आणि ड्रमचा खालचा ठोका दोन्ही गायब होतात, आणि उरतो तो झांजांचा खणखणाट आणि गिटारची करकर. ‘नुसता गोंगाट’ हा शेरा बऱ्याचदा मोबाइलच्या स्पीकरने ओढवलेला असतो.

२. एकाच रचनेची दोन रेकॉर्डिंग : एक परंपरेतल्या मान्यवर कलावंताचं, एक ‘अगम’चं.

३. रचनेचा राग, ताल, रचनाकार आणि शब्दांचा अर्थ. तुम्हाला हे ठाऊक नसेल, तर आज वाद घालू नका. आधी अभ्यास करा.

४. साधारण अर्धा तास, घाई नसलेला. संध्याकाळची पूजा चालू असताना किंवा गानसभेतली मैफल संपवून माणसं बाहेर पडत असताना हा विषय काढू नये. नुकत्याच ऐकलेल्या गाण्याने भरलेल्या कानांवर गिटारची करकर आदळली, तर ती अपमानासारखी वाटते.

कृती

१. आक्षेप नेमका कोणता, ते काढून घ्या.

‘हे संगीतच नाही’ या वाक्यात चार निरनिराळे आक्षेप दडलेले असू शकतात : आवाज फार आहे, राग बिघडवला आहे, परकी वाद्यं आहेत, भक्ती उरलेली नाही. चार आक्षेपांना चार उत्तरं लागतात. म्हणून पहिला प्रश्न विचारा : “काका, तुम्ही यांचं कोणतं गाणं ऐकलंत? त्यातलं काय खटकलं?” सूर जिज्ञासेचा हवा, उलटतपासणीचा नको. उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर त्या क्षणाचा फायदा उठवू नका. “मग एक ऐकूया का?” एवढंच म्हणा.

२. आक्षेपातलं खरं आधी मान्य करा.

ही पायरी टाळली, तर पुढच्या सगळ्या फुकट जातात. कीबोर्डची प्रत्येक पट्टी एका ठरलेल्या स्वरावर बसवलेली असते. कर्नाटक गायकीत गंधार किंवा निषाद गमकांनी हलत राहतो. दोन्ही एकत्र आले की जाणत्या कानाला खुपतं. कार्यक्रमात ड्रम मोठे झाले, की साहित्य, म्हणजे रचनेचे शब्द, झाकले जातात. मैफलीत निरवल आणि कल्पनास्वर, म्हणजे ओळीचा आणि स्वरांचा विस्तार, जागच्या जागी सुचतात. बँडला गिटार, बेस, ड्रम सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि एकत्र उठायचं असतं, त्यामुळे बरंच काही आधी बांधून घ्यावं लागतं. हे सगळं खरं आहे, तेव्हा स्वतःहून सांगून टाका. आपल्या आवडीची मर्यादा दिसणारा माणूस नुसता भक्त नाही, हे समोरच्याला कळतं आणि तो ऐकायला तयार होतो.

३. गिटार काय करते, ते समजावून द्या.

रॉकमध्ये इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला असतो. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. अशा आवाजात तीन-चार स्वरांची पूर्ण कॉर्ड वाजवली, तर स्वर एकमेकांत गुंततात आणि नाद गढूळ होतो. म्हणून गिटारवादक पुष्कळदा दोनच स्वर घेतात : एक आधारस्वर आणि त्याचा पंचम. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तिच्यात गंधार नसतो, त्यामुळे गायकाला स्वतःचा गंधार हवा तसा आंदोलित करता येतो. तानपुऱ्यातही बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी असते, हे ऐकणाऱ्याला आठवून द्या आणि मग पुन्हा कान द्यायला सांगा.

याची दुसरी बाजूही सांगा. गिटारची कॉर्ड एका जागेवरून दुसरीकडे सरकली, की पायातला षड्जच हलल्यासारखा वाटतो. आयुष्यभर स्थिर तानपुऱ्यावर गाणं ऐकलेल्याला हे विचित्र वाटणारच. रॉकचं पुष्कळसं नाट्य त्या सरकण्यातच असतं. ते आवडायला हवं असं नाही, पण ते विचारपूर्वक केलेलं आहे एवढं कळलं तरी पुरे.

४. परक्या वाद्यांच्या आक्षेपाला इतिहासाने उत्तर द्या.

कर्नाटक मैफलीत गायकाच्या शेजारी बसणारं व्हायोलिन युरोपातून आलं. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी यांनी ते आत्मसात करून आपल्या संगीतात आणलं. खुद्द मुत्तुस्वामींनी (१७७५–१८३५) इंग्रजांच्या बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवरही त्यांची एक रचना आहे. आज ज्यांच्या नावाने कान पकडतात, त्या दीक्षितरांनी परकी चाल ऐकून कान झाकले नव्हते.

या गोष्टीत आपला मराठी धागाही आहे, आणि मराठी घरात तो जरूर सांगावा. त्या काळात तंजावरच्या गादीवर भोसले होते. सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. तंजावरहून त्रावणकोरला गेलेले मराठी कीर्तनकार मेरुस्वामी स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात मानाने राहिले. कर्नाटक संगीताची आजची घडी बसली, तेव्हा तिथे तमिळ, तेलुगू, मराठी आणि युरोपीय नाद एकाच वेळी कानांवर पडत होते.

तेलुगू ज्येष्ठांशी बोलताना मँडोलिन श्रीनिवास यांचं नाव काढा. आंध्रातल्या पालकोल्लूचा हा मुलगा इलेक्ट्रिक मँडोलिन घेऊन कर्नाटक संगीताच्या व्यासपीठावर बसला आणि त्याने ते वाद्य तिथलंच करून टाकलं. मराठी आजोबांशी बोलताना पेटीची गोष्ट सांगा. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. श्रुती आणि मींड पेटीवर निघत नाहीत, हा तेव्हाचा आक्षेप कीबोर्डबद्दलच्या आजच्या आक्षेपाशी जुळतो. तरीही नाट्यसंगीत पेटीवर आणि ऑर्गनवर उभं राहिलं, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

हा इतिहास दोन-चार वाक्यांत आटोपा. जुन्या काळी व्हायोलिन स्वीकारलं गेलं म्हणून आजची गिटार आपोआप चांगली ठरत नाही. वाद्य कुठून आलं यावरून गाण्याचा निकाल लावू नये, एवढंच यातून सिद्ध होतं. पुढचं काम गाण्याने करायचं आहे.

५. माणूस पाहून गाणं निवडा.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला ‘धनश्री तिल्लाना’ने सुरुवात करून द्या. रचना स्वाती तिरुनाळ यांची. राग आपल्या भीमपलासाच्या इतका जवळचा, की कान लगेच रुळतो. तिल्लाना म्हणजे आपल्याकडच्या तराण्याचं भावंड. यात बराचसा भाग तालाच्या बोलांचा असल्यामुळे शब्द झाकले जाण्याची तक्रारही मागे पडते.

कर्नाटक संगीताच्या जाणकाराला दीक्षितरांचं ‘रंगपुर विहार’ लावा. राग बृंदावन सारंग, आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात ते घराघरांत पोचलेलं आहे. तुलना अवघड आहे हे मान्य, पण बँडने सोप्या जागी लपून बसू नये.

तेलुगू शेजाऱ्यांसाठी त्यागराजांची रचना घ्या : नलिनकांती रागातलं ‘मनव्यालकिंचरादटे’ किंवा हंसनाद रागातलं ‘बंटुरीति’. या रचना त्यांच्या मातृभाषेत आहेत. गायकाने शब्द नीट उच्चारले का, अर्थ तोडला का, हे ते तुमच्यापेक्षा अधिक अचूक सांगतील. त्यांना परीक्षक करा. नल्लकुंट्यासारख्या ठिकाणी राहण्याचा हा मोठा लाभ आहे, तो दवडू नका.

६. आधी जुनं, मग नवं.

आधी परंपरेतलं रेकॉर्डिंग लावा. निदान पल्लवी आणि अनुपल्लवी, म्हणजे रचनेचे पहिले दोन भाग, पूर्ण ऐका. तेवढा वेळ तुम्हीही मनापासून ऐका, मोबाइल बाजूला ठेवा. मग ‘अगम’ लावा, आवाज मध्यम ठेवून. मध्ये बोलू नका. ‘आता बघा, आता येईल’ असं म्हणून ऐकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवू नका. गाणं अर्ध्यावर बंद करायला सांगितलं, तर बंद करा.

संपल्यावर तीन प्रश्न विचारा. राग ओळखू आला का? कुठे सुटल्यासारखा वाटला? कोणती जागा चांगली वाटली? ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘नाही’ हे एका शब्दाचं उत्तर असतं आणि तिथेच बोलणं खुंटतं. दाखवलेली जागा पुन्हा लावून ऐका. ते बरोबर असतील, तर तसं म्हणा.

७. रॉकवाल्या मित्रांशी वेगळी भाषा वापरा.

त्यांचा आक्षेप उलटा असतो : भजनाला गिटार लावली म्हणजे रॉक होत नाही. त्यांच्याशी राग-रचनाकार बोलून उपयोग नाही; लयीतून शिरा. ‘बंटुरीति’ आदि तालात आहे. आदि ताल आठ मात्रांचा. मेटल ऐकणारा मुलगा चार-चार मोजतच असतो, त्यामुळे त्याचं मोजणं इथे चपखल बसतं. त्याला हाताने ताल धरायला सांगा आणि बोलांचे गट सम ओलांडून कसे पुढे जातात आणि पुन्हा समेवर कसे उतरतात ते ऐकायला लावा. तो मोजता मोजता चुकला, की त्याचं कुतूहल जागं होतं.

मग सांगा, की मोठी बांधणी आणि अभिजात संगीताशी सोयरीक हा रॉकचा जुना स्वभाव आहे. डीप पर्पलने १९६९ साली सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत कॉन्चेर्टो सादर केला होता. कोचीच्या ‘मदरजेन’ बँडमध्ये बैजू धर्मजन यांनी गिटारवर कर्नाटक गमकं आणली; त्या बँडचा ‘मक्तूब’ हा अल्बम २००८ चा. ‘अगम’ या वाटेवर एकटा नाही.

८. काय बोलायचं नाही, ते पक्कं ठेवा.

लोकप्रियतेचे आकडे सांगू नका. गर्दी जमते म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. ‘यामुळे तरुण पिढी शास्त्रीय संगीताकडे वळते’ हेही सांगू नका. त्यात बँडला पायरी ठरवून टाकल्यासारखं होतं, आणि ‘अगम’चं संगीत स्वतःच्या बळावर ऐकण्याजोगं आहे. ‘तुमचं संगीत जुनाट’ हे वाक्य मनातही आणू नका. तुमच्या बँडचा सगळा कच्चा माल त्याच परंपरेतून आला आहे. तिला कमी लेखाल, तर बँडच्या पायाखालची जमीन काढून घ्याल.

९. परतफेड करा.

त्यांनी तुमच्यासाठी अर्धा तास दिला, तर तुम्ही त्यांच्यासोबत गानसभेत जाऊन एक मैफल शेवटपर्यंत ऐका. घरातल्या आजोबांना म्हणा, “आजोबा, भीमपलास कसा ऐकायचा ते तुम्ही सांगा, मी बसतो.” मित्राच्या खोलीवर जाऊन त्याचा आवडता मेटल अल्बम पूर्ण ऐका. याने तुमचा कान तयार होतो, आणि पुढच्या वेळी ‘अगम’मधल्याही नव्या जागा तुम्हालाच दिसतात.

कृती साधली, हे कसं ओळखावं?

समोरच्याने बँडचं कौतुक केलं तर उत्तम, पण ती खूण धरू नका. परवापर्यंत ‘हे संगीतच नाही’ म्हणणारे गृहस्थ उद्या म्हणाले, “पल्लवी नेटकी गायला, पण चरणात गती उगाच वाढवली,” तर काम झालं. त्यांनी आता ‘अगम’ला गायकाला लावायचा तोच निकष लावला. आपल्या आवडत्या बँडसाठी यापेक्षा मोठा मान मागू नये, आणि यापेक्षा कमीवर समाधानही मानू नये. चरणाबद्दल त्यांचं म्हणणं पटलं, तर पटलं म्हणा. नसेल पटलं, तर पुन्हा चरण लावा आणि वाद तिथून पुढे चालू ठेवा.