हळदीने कोंबडी वाढते का?

मांसासाठी पाळलेल्या कोंबडीला ब्रॉयलर म्हणतात. तिचे एका दिवसाचे पिल्लू सुमारे 40 ग्रॅमचे असते. सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जाते. ही वाढ साधावी म्हणून अनेक देशांत खाद्यात थोडे प्रतिजैविक औषध मिसळत. पण त्यामुळे औषधाला दाद न देणारे जंतू वाढले, आणि असे जंतू माणसांपर्यंतही पोचतात. म्हणून युरोपीय संघाने 2006 मध्ये ही प्रथा बंद केली. भारताने 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध प्राण्यांना देण्यावर बंदी घातली.

मग पर्याय कोणता? ओव्यातील थायमॉल आणि ठेचलेल्या लसणातील ॲलिसिन जंतूंची वाढ रोखतात. हळदीत कर्क्युमिन असते. पण तेवढ्यावरून कोंबडी वाढेल असे म्हणता येईल काय?

ते असे पडताळता येते. एकाच दिवसाच्या पिल्लांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे. जागा, पाणी, खाद्य सारखेच; फक्त एका गटाच्या खाद्यात हळद. मग खाद्य व वजन यांची नोंद ठेवावी. समजा, एका पक्ष्याने सरासरी 3400 ग्रॅम खाद्य खाल्ले व त्याचे वजन 2000 ग्रॅमने वाढले. 3400 ÷ 2000 = 1.7. हा आकडा जितका लहान, तितके खाद्य अधिक सत्कारणी लागले.

अशा प्रयोगांत कधी फायदा दिसतो, कधी नाही; कारण वनस्पतीतील गुणकारी द्रव्य जात, जमीन व साठवण यांनुसार कमीजास्त होते. तेव्हा ‘आमच्या चूर्णाने पक्षी वाढले’ असे कोणी म्हणाले, तर विचारा : चूर्ण न दिलेले पक्षी किती वाढले?