गोचीड : गोठा आणि जंगल यांमधील दुवा

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेस, रामटेक व पारशिवनी तालुक्यांत, पेंचच्या जंगलाला लागूनच शेते आणि चराऊ राने आहेत. दिवसा गावची गुरे जेथे चरतात, तेथे रात्री चितळ, सांबर, रानडुकरे येतात. ही सीमा गोचीड मानीत नाही. तिला रक्त हवे असते. ते गाईचे की सांबराचे, हा प्रश्न तिच्या दृष्टीने दुय्यम होय.

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळ्याच्या वर्गातील आहे. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी, आठ पायांची मधली अवस्था व प्रौढ गोचीड, या तिन्ही अवस्थांत तिला रक्त लागते. ते ती एकाच जनावराकडून घेते की यजमान बदलते, यावरच उपाय ठरतो. गुरांवर सर्रास आढळणारी एक जात सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढते. जनावरावर केलेली फवारणी तिला पुरते. हायलोमा जातीचे तसे नाही. रक्त पिऊन ती गळून पडते, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा जनावरावर चढते. थायलेरिया रोगाचे जंतू तीच वाहून नेते. गवळाऊसारखी देशी गुरे तो बऱ्याच अंशी सोसतात. कर्ज काढून घेतलेली संकरित गाय मात्र वेळीच उपचार न मिळाल्यास दगावते. अशा वेळी केवळ गाईवर औषध मारणे व्यर्थ आहे. भिंती लिंपून फटी बुजवणे, हेच तेथे खरे औषध.

जंगलातील गोचिडींचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली व माणसांनाही ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागील विषाणू शोधून काढला. तेथील गोचिडीच्या अळ्या उंदीर, पक्षी, माकडे यांवर जगतात, तर प्रौढ गोचिडी गुरांवर. गाय स्वतः आजारी पडत नाही. पण तिच्या रक्तावर गोचिडींची संख्या वाढते. २०१६ मध्ये हा माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. विदर्भाचे जंगल निराळे असले, तरी जंगलात गुरे चारण्याचा प्रश्न येथेही तोच आहे.

फवारणी एकट्या गोठ्यात करून भागत नाही. ग्रामपंचायतीने साऱ्या गावची गुरे एकाच आठवड्यात घ्यावीत, व तीन आठवड्यांच्या आत पुन्हा घ्यावीत. औषधाचे प्रमाण पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे, कारण कमी मात्रेने गोचिडी औषधाला सरावतात. मुले गोचिडी उपटून बोटांनी चिरडतात, तेही थांबवावे. संकरित गाईला ताप येऊन खांद्यापुढील गाठ सुजली, तर त्याच दिवशी दवाखान्यात रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी.