कोपर, करार आणि कोटा

(सुलतानपूर, लोणारच्या फाट्याजवळची चहाची टपरी. सर निवृत्त क्रीडाशिक्षक. सॉफ्टबॉलची पोरं घेऊन अमरावती विभागातली मैदानं पालथी घातलेले. गणेश सतरा वर्षांचा, बारावीला, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर.)

गणेश : सर, बेसबॉल खेळून पोट भरतं का? घरी रोज हाच प्रश्न.

सर : अमेरिकेत भरतं, जपान-कोरियात भरतं. आपल्याकडे पगारी बेसबॉल नाही. दुबईच्या लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे, पण नाव तेवढं मुंबईचं, सामने तिकडेच. तरी आपल्या देशातले दोघं थेट अमेरिकेत जाऊन पगार घेऊन आले. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल.

गणेश : रिंकू सिंग? पाच षटकारवाला?

सर : तो अलीगडचा, क्रिकेटवाला. हा त्याच्या आधीचा, भदोहीकडचा. भालाफेकपटू. 2008 साली ‘मिलियन डॉलर आर्म’ म्हणून एक स्पर्धा झाली. कोण जास्त वेगानं आणि नेमका चेंडू टाकतो, एवढंच बघायचं. रिंकू पहिला आला, एक लाख डॉलर मिळाले. दिनेश दुसरा, तोही भालाफेकवालाच.

गणेश : क्रिकेटचे बोलर काऊन नाही निवडले?

सर : बोलरला कोपर सरळ ठेवायची सवय. इथं कोपर वाकवून, खांद्याच्या रेषेत आणून फटक्यासारखा हात सोडायचा. भालाफेकवाल्याला ते अंगवळणी असतं. दोघांनीही त्याआधी बेसबॉल कधी खेळला नव्हता. अमेरिकेत काही महिने शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केला.

गणेश : मग तर झालंच की!

सर : इथंच सगळे फसतात. त्यांच्यावरचा सिनेमाही करारापाशीच संपतो. करार म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. मेजर लीगमध्ये संघ 30, एका वेळी प्रत्येकाचे खेळाडू 26. म्हणजे सगळे मिळून 780. त्यांच्याखाली मायनर लीगचे 120 संघ, पायऱ्या पाडलेले : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. रूकीचे संघ वेगळे, या सगळ्यांच्या खाली. दरवर्षी खालून नवी पोरं येतात, आणि तेवढ्यांना घरी पाठवावंच लागतं. दिनेशला 2010 च्या शेवटी सोडून दिलं. रिंकू चिवट निघाला. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडून खेळून आला, सिंगल-एपर्यंत चढला.

गणेश : अन् पगार?

सर : त्याच्या काळी खालच्या पायरीवर महिन्याला हजार-बाराशे डॉलर, तेही मोसम चालू असेल तेवढेच महिने. बाकीचे महिने पोरं गोदामात, दुकानात कामं करायची. 2022 मध्ये मायनरवाल्यांची संघटना झाली, पुढच्या वर्षी पहिला सामूहिक करार. सिंगल-एचा किमान वार्षिक पगार 11 हजारांवरून 26,200 डॉलर झाला. आणि मेजर लीगमध्ये? 2025 साली किमान 7 लाख 60 हजार डॉलर. दोघांत अंतर चार पायऱ्यांचं, पगारात मात्र एकोणतीस पट. या दरीवर कोणी फारसं बोलत नाही, कारण टीव्हीवर फक्त वरचे दिसतात.

गणेश : रिंकू वर का नाही गेला?

सर : हात पुढे कर. अंगठा करंगळीला लाव, आता मनगट आत वाकव. मधे दोरीसारखी काय उभी राहिली?

गणेश : शीर?

सर : शीर नव्हे, कंडरा. काहींना ती जन्मतःच नसते आणि काही अडतही नाही. कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो. प्रत्येक जोरदार पिचला तो ताणला जातो, एक दिवस फाटतो. 1974 मध्ये टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचा फाटला. फ्रँक जोब या डॉक्टरनं त्याच्या उजव्या हातातली हीच कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. दीड वर्ष गेलं. 1976 ला तो परत मैदानात आला आणि थेट 1989 पर्यंत खेळला, आधीपेक्षा जास्त सामने जिंकला. त्या शस्त्रक्रियेला आता त्याचंच नाव आहे. रिंकूचीही तीच झाली, 2013 ला. पण त्याचं दुखणं सुटलं नाही, पुन्हा मैदानात उतरताच आलं नाही. 2018 मध्ये तो कुस्तीच्या रिंगणात, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. वीर म्हणून बघितला असशील.

गणेश : तो वीर? हाव, बघितलाय! पण सर, मी घरी काय सांगू?

सर : सांग की अमेरिकेत हात विकला जातो आणि महाराष्ट्रात प्रमाणपत्र चालतं. मला यात कमीपणा वाटत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आपल्याकडेही आहेतच. वर चढलास तर बारावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. पण कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक धरतात, ते जीआर स्वतः वाच, कोणाच्या तोंडावर जाऊ नको. प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, त्यात भलेभले अडकतात. संघाची यादी, निकाल, सगळं आत्तापासून जपून ठेव. बरं, रोज किती टाकतोस?

गणेश : दीडशे. कधी दोनशेही होतात.

सर : वेडा आहेस का! अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या पिचरला सामन्याच्या दिवशी फार तर 105 पिच टाकू देतात. आणि 80 च्या वर गेला, तर चार दिवस पिचिंग बंद.

गणेश : चार दिवस करायचं काय मग?

सर : पळायचं. उठाबशा काढायच्या. पिचचा जोर हातात नंतर येतो, आधी मांड्यांत अन् कमरेत असतो. उद्या सहाला मैदानावर ये, चेंडू घरी ठेवून.