हरभऱ्याचा वाटाणा: बेरिलियम-७ची कृती

साहित्य: हरभरे ४ (प्रोटॉन), वाटाणे ४ (न्यूट्रॉन), मोहरीचे दाणे ४ (इलेक्ट्रॉन), खसखशीचा एक दाणा आणि मोठं ताट. पंखा बंद करा, नाहीतर खसखस आधीच उडेल!

१. ताटाच्या मधोमध ४ हरभरे आणि ३ वाटाणे ठेवा. हे झालं बेरिलियम-७चं केंद्रक. चौथा वाटाणा ताटाबाहेरच राहू द्या.

२. केंद्रकाभोवती जवळच मोहरीचे २ दाणे ठेवा.

३. उरलेले २ जरा लांब ठेवा. दोन्ही जोड्यांची सरमिसळ करू नका, पुढच्याच पायरीला अडाल.

४. आतल्या जोडीतला एक दाणा केंद्रकात सरकवा. लांबचा घ्यायचा मोह टाळा: तोही क्वचित गिळला जातो, पण केंद्रकापाशी वावर जास्त तो आतल्यांचाच.

५. तो दाणा आणि एक हरभरा एकदम उचला. एकच उचललात तर विद्युतभाराचा हिशेब बसणार नाही.

६. त्या जागी चौथा वाटाणा ठेवा. आता मोजा: ३ हरभरे, ४ वाटाणे. बेरीज ७च यायला हवी. वा, लिथियम-७ झालं!

७. खसखशीचा दाणा टिचकीनं उडवा. हा न्यूट्रिनो. शंभरातल्या सुमारे नव्वद वेळा सुटलेली जवळपास सगळी ऊर्जा, ८६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, हाच घेऊन पळतो. शोधत बसू नका. खरा न्यूट्रिनो अख्ख्या पृथ्वीतून सहज आरपार जातो.

८. उरलेल्या दहा वेळांसाठी केंद्रकावर हलकेच टकटक करा. तेव्हा न्यूट्रिनो कमी ऊर्जा नेतो आणि केंद्रक लगेच ४७८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. प्रयोगशाळेत बेरिलियम-७ पकडतात तो याच किरणावरून. टकटक जोरात नको, वाटाणे घरंगळतील.

९. लांबचा एक दाणा आतल्या रिकाम्या जागी आणा. डब्यातून नवा घेऊ नका.

१०. लांब उरलेला एकटा दाणा काढून टाका. इतक्या हलक्या अणूत, आत आलेल्याची ऊर्जा बहुधा त्यालाच बाहेर ढकलते.

तुमचं काम पाच मिनिटांत उरकलं. खऱ्या बेरिलियम-७ची निम्मी केंद्रकं बदलायला सुमारे ५३ दिवस लागतात.

आता सगळं पहिल्यासारखं मांडा, पण मोहरी अजिबात ठेवू नका. चौथी पायरी करून बघा. होत नाही ना? पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) सोडून सुटावं, तर १०२२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि गाठीशी आहेत ८६२. इलेक्ट्रॉन नसतील तर बेरिलियम-७ बदलत नाही.