मिरचीच्या रोपांस दिव्याचा उजेड

नवी मुंबईच्या वाशी-नेरूळ भागातील सदनिकांत, तसेच पावसाळ्यात अंधारलेल्या वर्गखोलीत मिरचीचे बी रुजते. परंतु रोप लांबट, फिकट व लुळे होऊन आडवे पडते. मुले पाणी वाढवितात आणि रोप कुजते. उणीव उजेडाची आहे, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

बी रुजण्यास ऊब हवी. २५ ते ३० अंश सेल्सिअस पुरेत. अंकुर मातीबाहेर येताच उजेडाची निकड लागते. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून बाजारात जांभळट दिवे मिळतात. त्यांच्या रंगास भुलून शाळेचा पैसा खर्चू नये. पांढऱ्या एलईडी नळीच्या प्रकाशात हे दोन्ही रंग असतातच. शिवाय जांभळ्या उजेडात पान काळपट दिसते. मग मुलांनी निरीक्षण ते काय करावयाचे? तंतूचा जुना दिवा मात्र टाळावा. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते.

छताची नळी येथे कामाची नाही. अंतर वाढताच उजेड झपाट्याने क्षीण होतो. नळी शेंड्यापासून सुमारे १५ सेंटीमीटरवर टांगावी व रोप वाढेल तशी वर घ्यावी. खिडकीचा उजेड धरून दिवसाकाठी १४ ते १६ तास भरावेत. रात्री अंधार असावा.

एक कुंडी नळीखाली व दुसरी कोपऱ्यात ठेवून दर तिसऱ्या दिवशी उंची फळ्यावर लिहावी. कोपऱ्यातील रोप उंच भरेल, आणि मुले त्यासच सरस म्हणतील. तेव्हा दोन्ही रोपांचे दांडे त्यांना बोटांनी हलकेच चाचपू द्यावेत.